नातवंडांची जबाबदारी आणि आजी-आजोबांच्या मनावरचा ताण: आपले अनुभव लिहा

नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांच्या कंबरदुखीची चौकशी सगळेच करतात, मनाची फारशी कोणी करत नाही. मूल दिवसभर आपल्या हवाली असते, त्याला काही झाले तर जाब आपल्यालाच द्यावा लागतो, पण त्याच्या बाबतीतला शेवटचा शब्द आपला नसतो; आणि ही घुसमट बोलून दाखवली, तर ‘स्वतःच्या नातवाचे ओझे वाटते का’ असे ऐकावे लागते. ज्यांनी हे सोसले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी नाव न देता मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

सुनेची २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपली आणि नात माझ्याकडे आली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असे २०१७च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे; पण ऑफिस घरापासून दीड तास लांब, एवढ्याशा मुलीला रोज त्या गर्दीतून कसे न्यायचे? मी आनंदाने होकार दिला. पुढे दिवाणखान्यात कॅमेरा बसला. त्यामागे अविश्वास नव्हता. कामात असताना लेकीला अधूनमधून पाहावेसे वाटणे मला समजते. पण नात जेवत नाही म्हणून मी टीव्ही लावला, की थोड्याच वेळात फोन येतो, ‘आई, स्क्रीन नको असं ठरलं होतं ना?’ सून सौम्यपणेच बोलते. तरीही आता मी नातीला भरवायला स्वयंपाकघरात घेऊन बसते, कारण तिथे कॅमेरा नाही. स्वतःच्या घरात मी आडोसा शोधते, हे लिहितानाही जड जाते.

आजोबा, नाशिक

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मुलगा आणि सून दोघेही गेले. नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. शासनाने त्याच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवली, बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मंजूर आहेत, माझे निवृत्तिवेतन आहे. पैशाची मोठी अडचण नाही. आम्हा दोघांना आमच्या मुलासाठी रडायला जागा उरली नाही, ही अडचण आहे. हिला भरून आले, की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडते. नातवाच्या आजोळच्यांनीही लेक गमावली आहे आणि त्यांनाही तो हवा आहे. कायदेशीर पालकत्वासाठी १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा विषय काढला, तेव्हा ‘आमच्याविरुद्ध कोर्टात जाता?’ म्हणून ते दुखावले. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. मी सत्तरी ओलांडली आहे. शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही करताना, हा बारावीला जाईल तेव्हा मी असेन का, हा हिशेब दर वेळी मनात होतोच.

शिक्षक, बीड जिल्हा

माझ्या वर्गातल्या मुलांच्या आज्या इथे लिहिणार नाहीत, म्हणून त्यांनी सांगितलेले मी लिहितो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाची उचल अंगावर असल्याने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तिच्यातून जेवणाची सोय होते. रात्री मूल आजीपाशीच असते. एक आजी म्हणाल्या, ‘गुरुजी, पोटच्या पोराला रागं भरता येतं. हे लेकरू ठेव म्हणून दिलंय. ताप आला तर फडावर कळवायचं का नाही, ह्याच्यातच माझी रात्र जाती.’ कळवावे तर मुलगा काम टाकून येणार, खाडा पडणार आणि तो उचलीत धरला जाणार. न कळवावे तर पुढे सून बोल लावणार.

नात वयात आली, की हा घोर दुप्पट होतो. आजी मजुरीला गेली, की नात घरी एकटी. ‘काही बरंवाईट झालं तर लेकाला काय तोंड दाखवू’ या धास्तीने हंगामाआधीच तिचे लग्न उरकण्याचा आग्रह कित्येकदा आजीच धरते. आमच्याकडच्या बालविवाहांचा दोष लोक अज्ञानाला देतात. अठरा वर्षांची अट या आज्यांना ठाऊक असते. त्यांना सोबत नसते. नववीतल्या एका मुलीचे लग्न टळले, ते तिची मावशी हंगामभर राहायला आली म्हणून. नुसत्या समजावण्याने ते टळले नसते.

आजी, ठाणे (सध्या न्यू जर्सी)

इथे पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिनेच राहता येते, म्हणून मी आणि विहीणबाई पाळीपाळीने येतो. यजमान हृदयविकारामुळे ठाण्यातच असतात, त्यामुळे जीव इकडेही लागत नाही आणि तिकडेही. नातू बिलगू लागतो, तोवर परतीची तारीख येते. पुढच्या खेपेला तो नव्याने बुजतो.

आजोबा, रत्नागिरी

नात तान्ही असल्यापासून आमच्याकडे वाढली. पहिलीत घालायला मुलाने तिला मुंबईला नेले, ते योग्यच झाले. शेजारी म्हणाले, ‘सुटलात!’ इकडे पत्नीचे जेवण तुटले, झोप गेली. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या सुरू केल्या. आजीशी बोलली की नात रात्री रडते, म्हणून फोन कमी करावेत, असे सून म्हणते. लहान मुलीचे मन सर्वांना दिसते, ही मात्र मोठी असल्याने तिने समजून घ्यायचे. दुधापेक्षा सायीवर माया अधिक, असे कौतुकाने म्हणणाऱ्यांनी ती साय काढून नेल्यावर घरात काय होते, तेही विचारावे.

मुलगी, कोल्हापूर

माझा मुलगा दिवसभर माझ्या आई-वडिलांकडे असतो. वरचे कॅमेऱ्याविषयीचे वाचून आमच्याकडची रीत सांगावीशी वाटली. जेवण, झोप आणि टीव्ही यांचा निर्णय त्या वेळी मूल ज्याच्या ताब्यात असेल त्याचा. औषधपाणी आणि शाळेचा आमचा. आईच्या भजनी मंडळाच्या दुपारी मी घरून काम करते आणि तो दिवस मोडत नाही. आई आता ‘आज मला जमणार नाही’ असे स्पष्ट सांगते. वडील अजूनही सांगत नाहीत. रक्तदाब वाढलेला दिसला, की मला अंदाज येतो. त्यांना न दुखावता हे कसे विचारावे, ते इथल्या आजोबांनी सुचवावे.