कॅमेऱ्यासाठी रिचार्जेबल सेल कुठले घेऊ?

गडवेडा: माझा कॅनन पॉवरशॉट एसएक्स१६० आहे, दोन पेन्सिल सेल (एए) लागतात. बाजारातून ३००० एमएएच क्षमता लिहिलेले स्वस्तातले रिचार्जेबल आणले, रात्रभर चार्ज करून हरिश्चंद्रगडावर नेले आणि कोकणकड्यावर लेन्स अर्धी बाहेर येऊन कॅमेरा बंद! फार हळहळ वाटली हो. चांगले सुचवा.

रानवाटा: ३००० च्या आकड्यावर जाऊच नका, निकेल मेटल हायड्राइडच्या (हे रिचार्जेबल त्याचेच असतात, एनआय-एमएच) पेन्सिल सेलमध्ये एवढं बसत नाही. पॅनासॉनिकच्या एनेलूपचे साधे पांढरे घ्या, २००० वाले, ते नुसते पडून राहिले तरी फारसे उतरत नाहीत आणि झूम, फ्लॅशला एकदम लागणारा करंट नीट देतात, मी तेच वापरतो.

उजेड: चार्जर पण बघा! प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा घ्या, जोडीने करणाऱ्यात एक भरतो नि दुसरा अर्धवट राहतो. जोडीवर पेनाने १-१, २-२ लिहा, जुना-नवा मिसळू नका.

गडवेडा: चार्जर जोडीवालाच आहे माझा, तोही बदलतो. पण हे १.२ व्होल्टचे ना, साध्या १.५ वाल्यांच्या जागी चालतील?

रानवाटा: बिनधास्त. फक्त मेनूत बॅटरी टाइप निवडायची सोय असेल तर एनआय-एमएच करा, नाहीतर लो बॅटरीचा इशारा भलत्याच वेळी येतो.