नूतनीकरण झालेलं संग्रहालय: खण गेले, पडदे आले?

पानगळ
निसर्गेतिहास संग्रहालयाचं नूतनीकरण झालं की सगळीकडे नुसतं कौतुक. मी नुकतंच असं एक पाहून आले (नाव मुद्दाम देत नाही) आणि चिडून लिहितेय. कीटकांच्या दालनात पूर्वी भुंग्यांचे खणच्या खण मांडलेले होते. एकाच जातीचे, टाचणीला टोचलेले, काही हिरवट, काही तांबूस, एखादा निम्म्याच आकाराचा. प्रत्येकाखाली शाईने लिहिलेली नखाएवढी चिठ्ठी. रांगेवरून नजर फिरवली की एका जातीत किती फरक असतात ते कुणी न सांगता कळायचं. आता तिथे एकच भुंगा, त्याच्यावर झोत आणि शेजारी भलामोठा पडदा. पोरं पडद्यावर बोटं आपटतायत, भुंग्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. हे नूतनीकरण नव्हे, आवराआवर आहे.

खडकफोड्या
साफ असहमत. जुन्या मांडणीसाठी गळा काढणारे पुष्कळदा जुन्या चुकांसाठी गळा काढत असतात. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला टी-रेक्स डायनासोरचा सांगाडा १९१५ पासून शेपूट जमिनीला टेकवून ताठ उभा होता. १९९० च्या दशकात त्याला पाठ आडवी, शेपूट हवेत असा नव्याने जुळवला. येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयातल्या ब्राँटोसॉरसची शेपूटही आधी जमिनीवरच लोळत होती. २०२४ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा ती वर उचललेली होती. हाडं तीच, समज बदलली. ती दाखवायची नाही का?

आणि लंडनचं उदाहरण घ्या. मुख्य दालनातला 'डिप्पी' हलवू नका म्हणून लोकांनी सह्यांची मोहीम काढली. डिप्पी म्हणजे काय, तर १९०५ साली भेट आलेली, डिप्लोडोकस डायनासोरच्या सांगाड्याची प्लास्टरची नक्कल! २०१७ मध्ये त्याच्या जागी निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा खराखुरा सांगाडा टांगला. हा देवमासा १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकला होता. नक्कल काढून अस्सल आणलं, तरी रडारड.

पानगळ
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की. माझं भांडण पडद्याशी आहे, देवमाशाशी नाही. दालनाच्या मधोमध अस्सल सांगाडा टांगत असाल तर मी टाळ्या वाजवीन.

उनाड
बसायला बाक वाढवलेत का, एवढंच सांगा. तीन मजले उभ्याने पाहून जीव जातो.

टाचणी
नमुन्यांच्या साठ्यात काम करतो म्हणून दोन शब्द. पानगळताई, तुमचे भुंगे बहुधा आतल्या कपाटात सुखरूप असतील. उजेडाने पिसांचे, केसांचे, फुलपाखरांच्या पंखांचे रंग विटतात आणि ते परत येत नाहीत. शिवाय जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कातड्याला आर्सेनिक चोपडलेलं असतं, आम्हीही हातमोज्यांशिवाय हात लावत नाही. आणि खण फक्त बघण्यासाठी नसतात. १९६७ मध्ये ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं तपासली. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ती पातळ झाल्याचं दिसलं आणि त्यामागे डीडीटी हे कीटकनाशक निघालं. आधीच्या काळातली कवचं कुणीतरी जपून ठेवली होती म्हणूनच तुलना करता आली.

पानगळ
हे सगळं पटलं. पण ही गोष्ट दालनात कुठे आहे? आत कपाटं आहेत, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? बर्लिनच्या संग्रहालयाची युद्धात कोसळलेली बाजू २०१० मध्ये पुन्हा उभी राहिली. तिथे स्पिरिटमधल्या नमुन्यांच्या अडीच लाखांहून जास्त बरण्या आहेत. त्यातल्या बऱ्याच काचेच्या भिंतीमागे रांगेने लावल्यात. आत संशोधकांचा साठा, बाहेरून लोकांची प्रदक्षिणा. बरणीतला मासा आपल्याकडे बघतो, बटण दाबावं लागत नाही.

खडकफोड्या
बर्लिनला माझा सलाम, पण तितक्या स्पिरिटला आगीचा केवढा बंदोबस्त लागतो! दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २०१६ मध्ये आगीत गेलं ते विसरू नका. प्रत्येकाला ते झेपणार नाही. पडदा स्वस्त पडतो.

टाचणी
स्वस्त? बसवताना. काही वर्षांनी बंद पडला की दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून त्यावर कागद चिकटवतात. भुंग्याला डांबराची गोळी पुरते. (आता तीही आम्ही वापरत नाही, पण असो.) ताई, काही संग्रहालयं ठरावीक दिवशी आतला साठा दाखवतात. तिथल्या अभिप्रायाच्या वहीत तशी मागणी लिहा, वाचतात ती.

पानगळ
वही काढून टाकलीय. तिथेही पडदाच आहे, त्यावर पाच चेहरे. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मी मधला दाबला, तर 'धन्यवाद' म्हणाला.