अनुभव धागा: रात्री गाडी चालवताना डोळ्यांना काय होतं?

घाटमाथा:

जानेवारीतली गोष्ट. विट्याहून कराडकडे येत होतो, रात्रीचे साडेनऊ झाले असतील. समोरून एक उंच गाडी आली, पांढरेशुभ्र दिवे, अप्परवरच. ती बाजूने निघून गेली आणि मला पुढचे तीन-चार सेकंद काहीच दिसेना. नुसतं काळं, त्यात मधोमध एक हिरवट डाग. त्या काळ्यात उसाची ट्रॉली होती. बायको ओरडली, "अहो, ट्रॉली!" ब्रेक दाबला तेव्हा बॉनेटपासून हातभर अंतरावर उसाची वाढी लोंबत होती. हात स्टेअरिंगवरून सुटेनात.

ट्रॉलीवाल्याला शिव्या घातल्या, उंच गाडीवाल्याला घातल्या. पुढे चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "ट्रॉली मला आधीपासून दिसत होती. आणि दिवाळीपासून बघतेय, समोरून गाडी आली की तुम्ही डोळे मिचकावता आणि मान मागे घेता." मला हे ठाऊकच नव्हतं. वय ५१, चष्मा चार वर्षांपूर्वीचा, दिवसा पेपर-मोबाइल सगळं ठीक. पण खरं सांगायचं तर हल्ली प्रत्येक दिव्याभोवती पिसारा दिसतो, आणि मी तो एलईडीच्या नावावर खपवत आलो होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर तुमचे अनुभव लिहा. नेमकं काय दिसायचं, कधी लक्षात आलं, कारण काय निघालं. गाजराचा रस आणि त्राटक यांच्यासाठी वेगळा धागा काढा, ही विनंती.

शेवगा:

मी दुचाकीवाली, नाशिक. मला दिव्यांना रेघा दिसायच्या. सिग्नलच्या लाल दिव्यातून एक तिरकी रेघ वर, एक खाली. गंमत म्हणजे मान कलती केली की रेघाही कलायच्या. ही गंमत डॉक्टरांना सांगितली तर ते हसले, म्हणाले निम्मं निदान तुम्हीच केलंत. पाऊण सिलिंडर नंबर होता, म्हणजे डोळ्याचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्याचा नंबर. आधीच्या दुकानदाराने "दिवसा चालतंय ना, मग कशाला" म्हणून घातलाच नव्हता. रात्री बाहुली मोठी होते आणि दिवसा झाकलेला दोष उघडा पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

नंबर घातल्यावर रेघा बऱ्याच गेल्या. उरलेल्या हेल्मेटची काच बदलल्यावर गेल्या. ती काच मी दोन वर्षं ओढणीने पुसत होते, वर धुळीसकट!

रातराणीवाला:

एसटीत ३१ वर्षं स्टेअरिंग धरलं, त्यातली बरीच रातराणीवर. आमच्या वेळी हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवायचो. साधा हॅलोजन असायचा. समोरून गाडी आली की त्याने डिपर मारायचा, आपण मारायचा, हा रिवाज होता. आता हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब खुपसतात. दिव्याची वाटी फिलामेंटच्या जागेच्या हिशेबाने घडवलेली असते. उजेड भलत्या जागेवरून निघाला की रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या तोंडावर जास्त पडतो.

माझं सांगतो. ५२व्या वर्षी साखर निघाली. पडद्यावर रक्त झिरपायला लागलं म्हणून दोन्ही डोळ्यांना लेझर मारलं, चार-पाच बैठकांत. दृष्टी वाचली, डॉक्टरांचे उपकार आहेत. पण पडद्याच्या कडेला लेझर मारतात आणि अंधारात बघणाऱ्या पेशी तिकडेच जास्त. त्यानंतर रात्र फार काळी झाली. स्टँडातून गाडी बाहेर काढली की पहिली पाच मिनिटं अंदाजानेच. तक्ता मात्र शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचायचो! कुणी काढलं नाही मला, मीच जाऊन दिवसपाळी मागितली. सोबतचे म्हणाले, भत्ता बुडवतोस. मागे पन्नास माणसं झोपलेली असायची हो.

घाटमाथा, एक करा. समोरचा दिवा डोळ्यात आला की त्याच्याकडे बघायचं नाही. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची आणि वेग तो यायच्या आधीच उतरवायचा.

फक्तवाचक:

म्हणजे चूक आपल्याच डोळ्यांची? समोरचा अप्पर मारतो त्याचं काय? १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की दिव्यापासून ८ मीटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या, डोळ्यांची उंची दीड मीटर असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. कोण मोजतंय?

रातराणीवाला:

कोणी नाही मोजत. म्हणून तर डोळा तपासायचा. त्याचा दिवा तुमच्या हातात नाही.

काजवा:

माझं ४३व्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लोकांना खरं वाटत नाही. दम्यासाठी कित्येक वर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या, त्यातून आलेला.

सुरुवात रात्रीच झाली. ऑफिसमधून परतताना समोरून रांग आली की सगळी काच दुधाळ व्हायची, जणू कुणी पीठ उडवलंय. चष्म्याच्या दुकानात तीनदा गेले, तिन्ही वेळा "सहा बाय नऊ, छान आहे". मलाच वाटायला लागलं की आपण बाऊ करतोय. नवरा म्हणायचा, झोप कमी पडते तुला.

चौथ्या वेळी नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. खोलीत अंधार, समोर तक्ता. मी खालच्या ओळी धडाधड वाचल्या. मग त्या काहीच न बोलता बाजूला आल्या आणि टॉर्चचा उजेड तिरका माझ्या डोळ्यावर धरला. "आता वाचा." अक्षरं नव्हतीच! पाटीवरून ओला बोळा फिरवावा तशी ओळ गेली. टॉर्च बंद केला, ओळ परत आली. मला रडू आलं, आणि दुखणं सापडलं म्हणून बरंही वाटलं.

त्यांनी चित्र काढून समजावलं. हा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मध्यावर बसतो. उजेड पडला की बाहुली बारीक होते आणि बघायला नेमकी तीच गढूळ वाट उरते. म्हणून भर दुपारच्या उन्हातही त्रास, आणि तक्त्याच्या अंधाऱ्या खोलीत मात्र सगळं आलबेल. ऑपरेशनात बसवायचं भिंग निवडताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री गाडी चालवता का?" हो म्हटल्यावर साधं, एकाच अंतराचं भिंग सुचवलं. जवळचं वाचायला चष्मा लागतो, लागू दे.

पेन्शनर_नंबर_वन:

मी उलटं केलं, बहुअंतरी भिंग बसवून घेतलं. पेपर बिनचष्म्याचा वाचतो, हे सुख मोठं. पण रात्री प्रत्येक दिव्याभोवती जिलबी. पहिले सहा महिने मोजून तीन वेटोळी. आता वर्ष झालं, वेटोळी आहेतच पण लक्ष जात नाही. मेंदू सरावतो म्हणतात ते खरं. तरी रात्री चौकापलीकडे गाडी नेत नाही.

मिहीका:

लेझर करून चष्मा घालवला, नंबर साडेसहा होता. ऑपरेशनआधी अंधारात बाहुली मोजली होती आणि तुमची मोठी आहे, रात्री वलयं दिसतील, असं स्पष्ट सांगितलं होतं. मी सही करून मोकळी. पहिला महिना प्रत्येक पथदिवा म्हणजे भुईनळा. पाचव्या महिन्यापर्यंत खूप कमी झालं. त्यातलं किती कोरड्या डोळ्यांमुळे होतं हे थेंब सुरू केल्यावर कळलं. एसीचा झोत तोंडावर असायचा, आणि टक लावून रस्ता बघताना मी पापणीच मिटायचे नाही.

अर्धाचष्मा:

माझं सांगलीला चष्म्याचं दुकान आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

"रात्रीच्या ड्रायव्हिंगचा पिवळा चष्मा द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी येतं. पूर्वी मीही विकायचो. २०१९ साली बॉस्टनच्या स्केपन्स नेत्रसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना गाडीच्या सिम्युलेटरमध्ये बसवलं, समोरून हेडलाइटसारखा झोत सोडला आणि रस्त्यावरचा माणूस किती लवकर दिसतो ते पाहिलं. पिवळ्या काचेने काही फायदा झाला नाही. साधं आहे, रंगीत काच झोत कमी करते तसा अंधारातला माणूसही कमी करते. ते वाचल्यावर ठेवणं बंद केलं. शेजारच्या दुकानात मिळतो, तो भाग वेगळा.

खरा फरक पडतो तो चकाकी मारणारा थर चढवलेल्या काचांनी, म्हणजे ज्याला लोक अँटीग्लेअर म्हणतात. पण ओरखडे पडलेलं कोटिंग नसल्यापेक्षा वाईट. काहींना फक्त रात्रीच लांबचं पुसट दिसतं. त्यांना पाव-अर्धा उणे नंबर वाढवून गाडीत ठेवायला वेगळा चष्मा देतो.

आणि एक फुकटची तपासणी. गाडी उभी असताना रस्त्यावरच्या दिव्याकडे आधी पुढच्या काचेतून बघा, मग खिडकी उतरवून बघा. खिडकीतून पिसारा नाहीसा झाला तर काच आतून पुसा. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापतं आणि काचेवर आतून एक तेलकट थर धरतो, तो दिवसा दिसत नाही.

मूगडाळ:

घाईत लिहिते पण महत्त्वाचं आहे. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी, सोबत डोळा आणि डोकं दुखणं, मळमळ, असं असेल तर धागा वाचत बसू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा. आईला झालं तेव्हा आम्ही पित्त समजून पित्ताची गोळी दिली आणि अंधार करून झोपवलं. अंधारात बाहुली आणखी मोठी होते, म्हणजे आम्ही भरच घातली. अचानक दाब वाढलेला काचबिंदू होता. त्या डोळ्याची नजर थोडी गेली ती गेलीच. दुसऱ्या डोळ्याला मात्र आधीच लेझरने बारीक भोक पाडून घेतलं.

धुकं:

इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो. डिसेंबरात चार वाजता अंधार आणि वर पाऊस, ओल्या रस्त्यात पांढरे पट्टे दिसेनासे होतात. इथे लायसन्सला २० मीटरवरची नंबरप्लेट वाचावी लागते, पण दिवसाउजेडी. माझं डोळ्यांचं सगळं उत्तम निघालं. त्रास अर्धशिशीचा होता. वायपर आणि समोरचे दिवे यांचा लपलप खेळ सुरू झाला की डाव्या बाजूला नागमोडी, चकाकती रेघ उगवायची आणि हळूहळू पसरत वीसेक मिनिटांनी जायची. मग डोकं. आता रेघ दिसली की पहिल्या सोयीच्या जागी गाडी उभी करून बसून राहतो. बायको फोनवर विचारते, "आली का रे नागीण?"

दिवसाचाप्रवासी:

सगळे जास्त उजेडाबद्दल लिहिताहेत. माझं दुखणं उलटं आहे.

हॉस्टेलला लाइट गेली की दोन मिनिटांत मुलं अंधारात वावरायला लागायची. मी तसाच चाचपडत. मला वाटायचं, सगळ्यांना खोलीची सवय आहे म्हणून जमतं. थिएटरात उशिरा शिरून एका अनोळखी काकूंच्या मांडीवर बसलो होतो. घरी माझं नाव वेंधळा. गडावर रात्री चढताना मित्र चांदण्यात चालायचे, मी पुढच्याच्या सॅकला हात लावून.

२६व्या वर्षी संध्याकाळी स्कूटर सरळ दुभाजकावर घातली. वेग कमी होता, गुडघ्यावर भागलं. डॉक्टरांनी एका वाटीसारख्या यंत्रात डोकं ठेवायला सांगितलं. आत बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मी इतका वेळ दाबलंच नाही की मला वाटलं यंत्र बिघडलंय. छापील कागद आला तर मधला एक छोटा गोल सोडून सगळीकडे काळं. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार. आईवडील मामे-आतेभावंडं, आमच्याकडे ते कौतुकाचं लग्न होतं. माझ्यात दोघांकडून दोष आला. बहिणीची तपासणी झाली, ती सुटली. आईने त्यानंतर माझ्यासमोर त्या लग्नाची गोष्ट कधी सांगितली नाही.

स्कूटर विकली. नवीन मालक किल्ली घेऊन गेला तेव्हा दुपारचे बारा होते, आणि मला सगळं लख्ख दिसत होतं.

शेवगा:

दिवसाचाप्रवासी, काही सुचत नाहीये लिहायला. वाचलं, एवढंच.

घाटमाथा:

सगळ्यांचे आभार. वृत्तांत देतो.

अर्धाचष्मांनी सांगितलं तसं आधी काच आतून पुसली. पेपरच्या बोळ्यावर चहाच्या गाळासारखा डाग आला. पिसारा थोडा कमी झाला, गेला नाही. मग दवाखाना. बाहुलीत थेंब घालतात तेव्हा स्वतः गाडी नेऊ नका, मी रिक्षाने परत आलो आणि रस्ताभर डोळ्यांवर रुमाल धरला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशनची घाई नाही, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. चष्म्याचा नंबर बदलला होता. टॉर्चची ती परीक्षा मी स्वतः मागून घेतली, काजवा, आणि नापास झालो.

परवा पुन्हा विट्याला जाऊन आलो. जाताना उजेडी गेलो. वाटेत तशाच एका ट्रॉलीमागे बराच वेळ अडकलो होतो. मागच्या फळीला रिफ्लेक्टर होते, दोन, चिखलाने लिंपलेले. टोल यायच्या आत अंधार पडला म्हणून परतीला स्टेअरिंग बायकोकडे दिलं. समोरून गाडी आली की ती शांतपणे डिपर मारायची आणि मी डाव्या सीटवर, पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचो.