‘फक्त ॲडमिन’ केल्यावर कॉलनीचा ग्रुप उरतो कोणाचा?

वाघूरचं पाणी, जळगाव (धागाकर्ता)

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गप्पांना कुलूप लागलंय. आता लिहिणार फक्त ॲडमिन, बाकीच्यांनी वाचायचं. निमित्त पाण्याचं. व्हॉल्व्हमन रजेवर होता, पाणी एक दिवस पुढे गेलं. तशी सूचना सकाळीच पडली होती, पण ती शुभ सकाळच्या फुलांखाली आणि मोकाट कुत्र्यांवरच्या भांडणाखाली गाडली गेली. ज्यांना दिसली नाही त्यांनी रात्री ॲडमिनच्या दारात जाऊन आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी कुलूप.

सूचना आता सगळ्यांना दिसते, हे खरं. पण बोलणं काही थांबलेलं नाही. ते दुसऱ्या एका ग्रुपवर गेलंय आणि त्या ग्रुपवर सगळे नाहीत. ज्यांनी सुरुवातीला प्लॉट घेतले ती घरं, त्यांतलेही एकमेकांचे व्याही-पाहुणे, शिवाय सकाळी मेहरूण तलावावर बरोबर फिरायला जाणारे. माणसं वाईट नाहीत. पण ओपन स्पेसमध्ये कॅमेरे बसवायचे का, घरटी वर्गणी किती, गणपतीत भंडारा करायचा की नाही, हे सगळं तिथे ठरतं आणि मोठ्या ग्रुपवर शिजून येतं. उत्तर द्यायची सोय नाही. भाडेकरू तर मोठ्या ग्रुपवरही नाहीत. ‘प्लॉटधारक’ हे ग्रुपच्या नावातच आहे.

माझं म्हणणं, गप्पा परत सुरू करा. फालतू वाटणाऱ्या गप्पाच. उन्हाळ्यात कोणीतरी लिहायचं, ‘आज बिबड्यांचा घाटा शिजवतेय, पोरांना वाटी घेऊन पाठवा.’ (बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, घाटा म्हणजे त्यांचं शिजवलेलं पीठ.) कोपऱ्यावरच्या घरातली पोरगी अशीच वाटी घेऊन गेली, तेव्हा कॉलनीला कळलं की तिचा बाप दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रपाळी करून दिवसा झोपतो, म्हणून दार उघडत नाही. तोवर ते घर ‘माजोरडं’ होतं. ही माहिती कोणत्या सूचनेत येणार होती?

गटनंबर, एरंडोल

दादा, तुम्ही ॲडमिन नाही आहात, म्हणून हे सुचतंय.

राईनपाडा आठवतं का? साक्री तालुका, आपला धुळे जिल्हा. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी ठेचून मारले. काबरं? तर पोरं पळवणारी टोळी फिरते म्हणून मोबाइलवर फिरत होतं. त्याच सुमारास आमच्याही ग्रुपवर असले व्हिडिओ येत होते, आणि टाकणारे कोण, तर पेन्शनर. शिकलेले. ‘खात्री नाही, पण सावध राहा’ असं वर लिहून. व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा त्यानंतर त्याच महिन्यात जाहीर केली. ‘फक्त ॲडमिन’ची सोयही २०१८ चीच. मी ती लावली ती आजपर्यंत काढली नाही आणि काढणारही नाही. माझ्या ग्रुपवर कोणाला ओळख करून घ्यायची असेल तर कट्टा आहे, देऊळ आहे, किराणा दुकान आहे. मोबाइलवर कोणी कोणाचं होत नसतं.

पांझरेकाठ, धुळे

राईनपाडा आम्ही धुळेकर विसरू शकत नाही. पण तुमचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. अफवा आली तेव्हा ‘हे खोटं आहे, हा व्हिडिओ इथला नाही’ असं त्याच जागी म्हणणारा कोणी लागतो. कुलूपबंद ग्रुपवर अफवा येत नाही, बरोबर. ती बाजूच्या ग्रुपवर जाते, जिथे सगळे एकमेकांचे पाहुणे असतात आणि नानांनी टाकलेल्या व्हिडिओला खोटं म्हणायची कोणाची छाती होत नाही. परक्या माणसाबद्दल सगळ्यात वाईट तिथेच लिहिलं जातं, कारण तिथे परका कोणी वाचत नसतो.

आणि ॲडमिनच्या डोक्यावरच्या तलवारीचं म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं आणि ॲडमिनचा त्यात समान उद्देश नसेल, तर नुसता ॲडमिन आहे म्हणून तो जबाबदार ठरत नाही. भीतीचं कारण कायद्यात नाही. कटकट नको, हे खरं कारण. ते सरळ सांगा की.

गटनंबर, एरंडोल

कटकट नको, हे कारण लहान वाटतं तुम्हाला? रात्री पावणेबाराला ‘शेजारच्यांचा कूलर आमच्या खिडकीत हवा सोडतो’ म्हणून मला फोन येतो. निकाल वाचून दाखवू त्यांना?

वऱ्हाडातली, भुसावळ

मी भाडेकरू. माहेर अकोल्याकडचं, नवरा रेल्वेत. क्वार्टर मिळालं नाही म्हणून या कॉलनीत आलो. आमच्या ग्रुपवर भाडेकरूंना घेतात आणि गप्पाही मोकळ्या आहेत. म्हणजे धागाकर्त्यांना जे हवंय ते सगळं आहे. आता तिथे काय होतं ते ऐका.

पोराला ताप होता, मी रात्री विचारलं, जवळ लहान मुलांचे डॉक्टर कोणते बसतात? ग्रुपवर सगळे जागे होते. कोणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं एका काकांनी शेतातल्या भरीत पार्टीचा फोटो टाकला. कापसाच्या पऱ्हाटीवर भाजलेली हिरवी वांगी, पुऱ्या, पातीचा कांदा. मग काय, ‘आबा आम्हाला विसरले’, ‘वांगं बामणोदचं का?’, असा ओघ सुरू झाला. माझा प्रश्न वर वर सरकत दिसेनासा झाला. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. उत्तर देणारा मनात पाहतो की विचारणारी कोणाची कोण, आणि कोणाचीच नसेल तर पुढे जातो.

तुमच्या गप्पांनी ओळख होते ती आधीच अर्धी ओळख असलेल्यांची. मला तर सूचनांचा ग्रुप बरा वाटतो. तिथे पाण्याची वेळ माझ्यासाठी आणि आबांसाठी सारखीच येते.

वाघूरचं पाणी, जळगाव (धागाकर्ता)

ताई, हे वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या गोष्टीतला दोष गप्पांचा की उत्तर न देणाऱ्यांचा? सूचनांच्या ग्रुपवर तुम्हाला तो प्रश्न विचारताच आला नसता.

वऱ्हाडातली, भुसावळ

विचारता आला नसता, म्हणजे कोणी टाळलंही नसतं. तुम्हाला हा फरक छोटा वाटतो, कारण तुमच्या फोटोला उत्तरं येत असणार.

डॉक्टर शेवटी खालच्या मजल्यावरच्या बिहारी भाभींनी सांगितले. त्या ग्रुपवर आहेत, पण मराठी वाचता येत नाही म्हणून आवाज बंद करून ठेवलाय.

जिभाऊ, अमळनेर

मी ते अहिराणीमाच लिखसू, मंग कोनी काढी टाको! आमच्या ग्रुपवर नियम आला, ‘शुद्ध मराठीत लिहावे.’ मी ‘पानी उनं का?’, म्हणजे पाणी आलं का, एवढंच विचारलं होतं. एका मॅडमनं लिहिलं, हा कुटुंबाचा ग्रुप आहे, गावठी नको. आमच्याच अमळनेरात! म्हणजे कंपू काय फक्त जुन्या प्लॉटवाल्यांचाच असतो असं नाही. नवे शिकलेले आले की त्यांचाही होतो, आणि तो नियम करून होतो.

पण वरच्या ताईंचंही पटतं. आम्ही चार-पाच जण अहिराणीत सुरू झालो की बाकीचे गप्प होतात, हे मी पाहिलंय. मी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी. घरात बोलतो ती भाषा ग्रुपवर कडी लावून बाहेर ठेवायची म्हणजे मी तिथे पाहुणाच झालो ना भो.

निवृत्त सावद्याचा

सगळ्यांचं वाचलं. बाजूचा ग्रुप असण्यात एवढं पाप काय, हे मला कळलं नाही. आपल्याकडे खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. बऱ्याच घरांत रोटाचा प्रसाद भाऊबंदांनीच खायचा असतो, शेजाऱ्याला देत नाहीत. शेजारी कधी रुसला का? नाही, कारण सोमवारी मिरवणुकीत तोच पुढे नाचतो. जवळच्यांनी जवळ बसावं. मेहरूणला बरोबर चालणाऱ्यांनी आपसात काय बोलायचं ते बोलावं.

फक्त पैसा जिथे सगळ्यांचा, तिथे बोलणं सगळ्यांसमोर. कॅमेऱ्याची वर्गणी मागायची तर तीन दुकानदारांची दरपत्रकं मोठ्या ग्रुपवर टाका आणि चार दिवस कुलूप काढा. मी इथे सोसायटीचा हिशेब सांभाळलाय. भांडणं गप्पांनी होत नाहीत, न दाखवलेल्या पावत्यांनी होतात. (घाटा फार छान लागतो, वर कच्चं तेल घेऊन. पण विषय तो नाही.)

भाडेकरूंचं मात्र अवघड आहे. वर्गणी मालकानं द्यायची आणि मत भाडेकरूनं, हे मालक ऐकणार नाही.

पांझरेकाठ, धुळे

काका, रोटाचं उदाहरण गोड आहे, पण कानबाईच्या रोटावर गटारीचं टेंडर ठरत नाही. आणि भाडेकरूचं अवघड काय? पाणी तो भरतो, कचरा घंटागाडीत तो टाकतो, कुत्रा त्याच्या पोराच्या मागे लागतो. बांधकामाच्या खर्चावर मालकानं बोलावं. रोजच्या जगण्यावर जो राहतो त्यानं बोलावं.

सोपा उपाय हवा असेल तर व्हॉट्सॲपनं २०२२ च्या शेवटी कम्युनिटी आणली. सूचनांचा एक ग्रुप, त्याच्याखाली गप्पांचा, हिशेबाचा, हवे तेवढे. मत घ्यायला पोल आहे. दोन्ही बाजूंचं भागतं.

जिभाऊ, अमळनेर

केलं होतं. सूचना, गप्पा, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक, खरेदी-विक्री. आता पाणी आलं की पाच ठिकाणी कळतं, आणि गप्पांच्या ग्रुपवर आम्ही तेच चार-पाच जण.

गटनंबर, एरंडोल

बघा.

भाडेकरूंना घ्यायला माझी हरकत नाही, हे आधी सांगायला हवं होतं. माझ्या ग्रुपवर आहेत. त्रास एवढाच की घर सोडून नाशिकला, पुण्याला गेले तरी बाहेर पडत नाहीत. एक जण तिथून आमच्या लाइटीच्या तक्रारीला अंगठा दाखवतो.

वऱ्हाडातली, भुसावळ

त्यांना सोडवत नसेल. त्यांना कोणीतरी उत्तर देत असणार.

निवृत्त काकांचं हिशेबाचं पटलं. पण एक अजून: नवीन घर आलं की ॲडमिननं नंबर जोडून मोकळं होऊ नये. ‘अमुक गल्लीत, अमुक घरात हे आलेत’ एवढं ग्रुपवर लिहावं. विचारणारी कोणाची कोण, हे मग शोधावं लागत नाही. हे ‘फक्त ॲडमिन’च्या ग्रुपवरही जमतं, त्याला गप्पा लागत नाहीत.

वाघूरचं पाणी, जळगाव (धागाकर्ता)

हे घेतो. तरी गप्पा हव्यात यावर मी ठाम आहे. दिवसभर नकोत. संध्याकाळी दिवे लागल्यावर दोन-तीन तास कुलूप काढा, नंतर लावा. येत्या रविवारी ओपन स्पेसमध्ये बैठक आहे, तिथे तीन गोष्टी मांडणार: संध्याकाळच्या गप्पा, वर्गणीची दरपत्रकं सगळ्यांसमोर, आणि भाडेकरूंना ग्रुपवर जागा.

गटनंबर, एरंडोल

मांडा. भाडेकरूंना बैठकीचं कळवलं का?

वाघूरचं पाणी, जळगाव (धागाकर्ता)

दारोदार जाऊन सांगतोय. ग्रुपवर मला टाकता येत नाही. ॲडमिनला विनंती केलीय, ते ‘बघतो’ म्हणाले.