मसुदा छापून झाल्यावर मागवलेल्या हरकती

मूळ धागा

आमच्या पालिकेने हवामान बदलाच्या कृती आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केलाय. दोन रात्री बसून मी तो पूर्ण वाचला आणि मग प्रश्नावली उघडली. पहिलाच प्रश्न: ‘हवामान बदलावर उपाय व्हायला हवेत, असे आपणांस वाटते का?’ खाली ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच गोल. असेच आणखी दहा प्रश्न, आणि सगळ्यांत शेवटी ‘इतर सूचना’ म्हणून बोटभर चौकोन. मला विचारायचं होतं की नाल्याकाठची जी मोकळी जागा प्रत्येक जोराच्या पावसात पाणी पोटात घेते, ती नकाशात बांधकामयोग्य का दाखवलीय? ते विचारायला जागाच नाही.

लोकांना विचारायचं तर पर्याय शिल्लक असताना विचारा. पर्यावरणाच्या निर्णयांत लोकांच्या सहभागाबद्दलचा १९९८ चा आंतरराष्ट्रीय आऱ्हस करार आहे, त्यात हे स्पष्ट लिहिलंय: सगळे पर्याय खुले असताना, सुरुवातीलाच लोकांचा सहभाग हवा. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात ‘मत विचारणं’ ही जेमतेम चौथी पायरी आहे. ते मत विचारात घेतलं जाईल याची हमी नसेल, तर तो नुसता देखावा ठरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ही प्रश्नावली भरताना मला नेमकं तेच वाटलं.

प्रतिसाद १

ताई, तळमळ कळते, पण मी असहमत आहे. इतकी वर्षं आपण विचारविनिमयच करत आलो. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर जगाचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटायला हवं, असं आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या तज्ज्ञ समितीने, २०१८ मध्येच सांगितलं. आता पालिकेने पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची का?

शिवाय सुनावणीला येतं कोण? ज्यांच्याकडे वेळ आहे ते. मी ज्या सुनावणीला बसलो होतो तिथे तीन तासांतले दोन तास एका रस्त्यावरचं पार्किंग जाणार यावर गेले. उन्हात राबणाऱ्यांपैकी एकही जण सभागृहात नव्हता. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस जोरात कोसळतो. त्यासाठी गटाराचा व्यास किती हवा, हे हात वर करून ठरत नाही. ते अभियंत्यांनी ठरवावं.

प्रतिसाद २

मी नगररचनेत काम केलंय, म्हणून व्यासाबद्दल बोलतो. व्यास गणिताने निघतो, मान्य. पण गणितात घालायची माहिती कुठून येते? पाणी कुठल्या झाकणातून उसळतं, कुठल्या घरात आधी शिरतं, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. एका कामात आमच्या नकाशावर जी वाहिनी चालू होती, ती प्रत्यक्षात कधीच बुजली होती. समोरच्या घरातल्या आजीबाईंनी बोट दाखवलं तेव्हा कळलं.

कोपनहेगनमध्ये जुलै २०११ च्या ढगफुटीत काही तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस झाला. पुढच्याच वर्षी शहराने आराखडा केला. सगळं पाणी भूमिगत वाहिन्यांत कोंबण्याऐवजी काही बागांत आणि चौकांत साठवायचं, रस्त्यांवरून वाट देऊन काढायचं. आता तुमच्या रोजच्या बागेत पाणी साठणार असेल, तर तुम्हाला न विचारता ते करता येईल का?

प्रतिसाद ३

दोघांच्या वादात एक गोष्ट सुटतेय. पालिकेच्या स्वतःच्या इमारती, दिवे, गाड्या यांचं उत्सर्जन हद्दीतल्या एकूण उत्सर्जनाच्या मानाने थोडंच असतं. बाकीचं आपल्या घरांतून, प्रवासातून आणि व्यवसायांतून येतं. ते पालिकेच्या हुकमाने घटत नाही. म्हणजे लोकांची साथ नसेल तर आराखड्याचा मोठा भाग कागदावरच राहणार.

सुनावणीला ठरावीक लोकच येतात, हे खरं. त्यावर उपाय आहे. फ्रान्सने २०१९-२० मध्ये हवामान बदलाच्या उपायांसाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे १५० नागरिक निवडले, त्यांना तज्ज्ञांसमोर बसवलं आणि त्यांच्याकडून १४९ प्रस्ताव घेतले.

प्रतिसाद १

आणि त्या प्रस्तावांचं पुढे काय झालं? राष्ट्राध्यक्षांनी तीन लगेच बाजूला ठेवले. २०२१ चा कायदा आला तेव्हा बरेचसे पातळ झाले होते, अशी सहभागी नागरिकांचीच तक्रार होती. नऊ महिने राबलेल्या माणसाच्या वाट्याला हे येत असेल, तर पुढच्या वेळी विचारायला आलेल्यांना तो दारात तरी उभं करेल का? मोठी आशा लावून मोडण्यापेक्षा साधी प्रश्नावली बरी.

धागाकर्ती

दादा, सुनावणीला कोण येत नाही हा तुमचा मुद्दा मला पटला. तो माझ्या लक्षात यायला हवा होता. पण फ्रान्सच्या उदाहरणावरून मी उलट निष्कर्ष काढते. तिथे बिघडलं ते लोकांना विचारल्यामुळे नाही, उत्तर देण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती म्हणून. मला अख्खा मसुदा रद्द करायला नकोय. प्रत्येक सूचनेपुढे ‘स्वीकारली’ किंवा ‘नाकारली’ आणि एका ओळीत कारण, असा तक्ता अंतिम आराखड्याला जोडा, एवढंच मागतेय. त्याने एक दिवसही उशीर होत नाही.

नाल्याकाठच्या जागेची हरकत मी आज कागदावर लिहून, पाणी भरल्याचे दोन फोटो जोडून आवक-जावक विभागात दिली आणि पोच घेतली. त्याच रांगेतल्या एका बाईंना आराखड्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्या नाल्याच्या अगदी कडेला राहतात. त्यांचीही हरकत तिथेच बसून लिहिली. मुदत संपायला नऊ दिवस आहेत. उद्यापासून त्यांच्या ओळीतल्या घरांत जाणार आहे.