घरातल्या कॉम्प्युटरचा पत्ता सारखा बदलतोय

प्रेषक: संग्रह समिती
शुक्रवार, रात्री

नमस्कार मंडळी,

प्रश्न मंडळाच्या कामाचाच आहे, म्हणून इथे विचारते. जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती माझ्या घरी एका जुन्या डेस्कटॉपवर ठेवल्या आहेत. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. कोपऱ्यात पडून असतो, लागेल तेव्हा सुरू करते आणि लॅपटॉपवरून त्याच्या शेअर्ड फोल्डरमध्ये जाते. त्यासाठी १९२.१६८.१.२३ हा त्याचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) शॉर्टकटमध्ये घालून ठेवला होता. दोन आठवडे सुरळीत चाललं. मग चार दिवस डेस्कटॉप बंद होता, सुरू केला तर फोल्डर सापडेना. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहिला तर चक्क प्रिंटरचं पान उघडलं! डेस्कटॉप आता ३१ वर (शेवटचा आकडा तेवढा बदललाय) जाऊन बसलाय. शॉर्टकट बदलला, पण पुढच्या वेळी पुन्हा हेच होणार ना? याला एका जागी बसवायचं कसं?


प्रेषक: एक जुना सदस्य
शुक्रवार, रात्री उशिरा

ताई,

सोपं आहे. डेस्कटॉपला तात्पुरता मॉनिटर जोडा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर ‘आयपी असाइनमेंट’ असं दिसेल. तिथे ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करा, आयपीव्ही४ चालू करा. पत्ता आत्ता आहे तोच, ३१ वाला. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता, डीएनएसमध्येही (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) तोच टाका. सेव्ह करा आणि विसरून जा.


प्रेषक: संग्रह समिती
बुधवार, संध्याकाळी

दादा, विसरायचं म्हणालात, पण डेस्कटॉप काही विसरू देत नाही.

शनिवारी तुम्ही सांगितलंत तसंच केलं. रविवारी, सोमवारी उत्तम. काल दिवसभर बंद होता. आज सुरू केला तर फोल्डर गायब, म्हणून पुन्हा मॉनिटर जोडला. पत्त्यांचा संघर्ष झाल्याची सूचना आली होती, आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा कुठलातरी. मी तर असला आकडा कुठेच टाकला नव्हता. राउटरच्या पानावर बघितलं, तर ३१ हा आकडा मुलाच्या नव्या टॅबलेटला दिलेला!


प्रेषक: काका (ध्वनी-प्रकाश समिती)
बुधवार, रात्री

ताई,

डेस्कटॉप बिघडलेला नाही आणि टॅबलेटचीही चूक नाही. दादांनी सांगितलेली रीत चुकीची नव्हे, पण अर्धी आहे. तुम्ही पत्ता पक्का केलात तो फक्त डेस्कटॉपपुरता. राउटरला ते कोणी सांगितलंच नाही.

घरातल्या पत्त्यांचा हिशेब राउटर ठेवतो. त्या व्यवस्थेचं नाव डीएचसीपी. त्याच्याकडे आकड्यांची एक पट्टी असते, समजा २० ते २००. उपकरण आलं की ‘मला पत्ता द्या’ म्हणून हाक मारतं, राउटर पट्टीतला एक मोकळा आकडा काढून देतो. देतो म्हणजे भाड्यानं देतो, मालकीनं नाही. माझ्या राउटरवर ही मुदत २४ तासांची आहे. उपकरण चालू असेल तर निम्मी मुदत सरताच ते स्वतःहून नूतनीकरण मागतं, म्हणून चालू ठेवलेल्या मशीनचा पत्ता महिनोन्‌महिने बदलत नाही. बंद मशीन मागणार कसं? मुदत संपते, आकडा मोकळा होतो, दुसऱ्याला मिळतो. जुना आकडा शिल्लक असेल तर राउटर बहुतेक वेळा तोच परत देतो. म्हणून कधी चालतं, कधी नाही, आणि माणूस आपल्यालाच वेड लागलंय असं समजतो. तुमचा २३ असाच प्रिंटरला गेला.

आता ३१ चं काय झालं. तो पट्टीच्या आतला आकडा. डेस्कटॉप मंगळवारी बंद, राउटरच्या वहीत ३१ कोणाच्याच नावावर नाही, टॅबलेटनं मागितला, राउटरनं दिला. आज डेस्कटॉप उठला. कामाला लागण्यापूर्वी यंत्र जाळ्यात हाळी देतं, ‘३१ कोणाकडे आहे का?’ टॅबलेट म्हणाला, ‘माझ्याकडे!’ डेस्कटॉपनं माघार घेतली आणि १६९.२५४ मधला एक आकडा स्वतःच स्वतःला लावून घेतला. हा गट त्यासाठीच राखलेला आहे. तो दिसला की समजायचं, धड पत्ता मिळालेला नाही.

माझं मत सरळ आहे. नोंद राउटरच्या वहीत करा, डेस्कटॉपला पुन्हा ऑटोमॅटिकवर सोडा. राउटरच्या पानावर लॅन किंवा डीएचसीपीच्या भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ सापडेल, कुठे त्यालाच ‘स्टॅटिक लीज’ म्हणतात. तिथे डेस्कटॉपचा मॅक ॲड्रेस टाकायचा (म्हणजे नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख; बारा अक्षरं-आकडे, दोन-दोनच्या सहा जोड्या) आणि त्यासमोर हवा तो पत्ता. मग डेस्कटॉप महिनाभर बंद राहिला तरी तो आकडा दुसऱ्या कोणाला जात नाही. आकडा ठेवताना ३१ सोडा, नवा घ्या. काही राउटर राखीव आकडा पट्टीच्या आतलाच मागतात, काहींना बाहेरचाही चालतो, तुमचा काय म्हणतो ते तिथेच कळेल.


प्रेषक: एक जुना सदस्य
गुरुवार, सकाळी

काका, पट्टीचं सांगायचं राहिलं, मान्य. माझ्या घरी पट्टी १०० पासून सुरू होते आणि हातानं दिलेले सगळे पत्ते १०० च्या खाली आहेत, म्हणून मला कधी टक्कर दिसलीच नाही. ताईंना मात्र मी सरळ ‘आहे तोच टाका’ म्हणून मोकळा झालो.

तरी हातानं पत्ता द्यायची रीत अगदी मोडीत काढू नका. माझ्याकडे घराची डीएनएस सेवा एका छोट्या कॉम्प्युटरवर चालते. राउटर अडखळला तरी तो आपल्या आकड्यावर ठाम असावा, म्हणून तिथे मी पत्ता यंत्रातच लिहिलाय. लॅपटॉपला मात्र असं कधीच करू नये. दुसऱ्याच्या घरी गेलं की तिथलं जाळं वेगळ्या आकड्यांचं निघतं, आणि इंटरनेट का नाही म्हणून तासभर डोकं खाजवत बसायची पाळी येते.


प्रेषक: संग्रह समिती
गुरुवार, रात्री

काका, १९२.१६८.१.५० राखून ठेवला. डेस्कटॉप ऑटोमॅटिकवर आणून पुन्हा सुरू केला. आला ४४ वर! राउटरच्या यादीत नोंद तर स्वच्छ दिसतेय.


प्रेषक: काका
गुरुवार, रात्री

मॅक ॲड्रेस कुठून घेतलात? डेस्कटॉप केबलवर आहे की वायफायवर?


प्रेषक: संग्रह समिती
गुरुवार, रात्री

डेस्कटॉपवर ‘आयपीकॉन्फिग’ची (नेटवर्कची माहिती दाखवणारी विंडोजची आज्ञा) लांबलचक यादी आली, त्यात पहिला दिसला तो. डेस्कटॉप केबलवर आहे.

...थांबा. पहिल्यावर ‘वायरलेस’ लिहिलंय.


प्रेषक: काका
गुरुवार, रात्री

तेच! केबलच्या कार्डाचा मॅक वेगळा, वायफायच्या कार्डाचा वेगळा. राउटरच्या लेखी ही दोन निराळी बिऱ्हाडं. ‘इथरनेट’ लिहिलेल्या भागातला ‘फिजिकल ॲड्रेस’ घ्या.


प्रेषक: संग्रह समिती
गुरुवार, रात्री ११ नंतर

आला! ५०! मॉनिटर काढून ठेवला.


प्रेषक: नवी सदस्या
शुक्रवार, सकाळी

सगळा धागा वाचला, दोन शंका आहेत. माझ्या फोनसाठी मी असाच पत्ता राखला होता, पण थोड्या दिवसांनी तो लागू होईनासा झाला. आणि ताईंचा पत्ता आता पक्का झालाय, तर मी माझ्या घरून १९२.१६८.१.५० टाकून चित्रफिती पाहू शकते का?


प्रेषक: काका
शुक्रवार, दुपारी

फोनचं असं, की हल्लीचे फोन वायफायला खरा मॅक सांगत नाहीत, बनवलेला सांगतात. आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर दहाव्या आवृत्तीपासून ही पद्धत सर्रास आहे. बाहेरच्या वायफायवर कोणी तुमचा माग काढू नये म्हणून ती सोय. तो बनावट मॅक बदलला की राउटर फोनला ओळखत नाही. फक्त घरच्या वायफायपुरता ‘प्रायव्हेट ॲड्रेस’ बंद करा. विंडोजमध्येही ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ असा खटका आहे, वायफायवर रिझर्व्हेशन करणाऱ्यांनी तोही पाहून घ्यावा.

दुसऱ्या शंकेचं उत्तर, नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखलेले आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) १० चा आणि १७२.१६ ते १७२.३१ चा गटही त्यांच्यासोबत आहे. ते घराबाहेर चालत नाहीत. तुम्ही ५० टाकलात तर तुमच्याच घरातला ५० शोधला जाईल, कदाचित तुमचा टीव्ही सापडेल.

आणि ताई, कोणी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून तो फोल्डर बाहेर मोकळा करायला सांगितलं तर ऐकू नका. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याचा सुरक्षित मार्ग) लावू, तेव्हाही डेस्कटॉपचा हा पक्का पत्ता कामाला येईल. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.


प्रेषक: संग्रह समिती
शुक्रवार, संध्याकाळी

काढते. त्याआधी प्रिंटरलाही एक आकडा राखून टाकला, ५१. म्हटलं, यानं परत कोणाची जागा बळकावायला नको.


प्रेषक: एक जुना सदस्य
शुक्रवार, रात्री

छान केलंत. ते दोन आकडे आणि त्यांचे मॅक एका कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवा. राउटर बदललात किंवा रीसेट केलात की ती वही कोरी होते.