मदत हवी आहे: सार्वजनिक इमारतींचे आतले फोटो – पांढऱ्या खिडक्या, आडवे पट्टे, कलणारे खांब

धागाकर्ता: दालनवही

नमस्कार मंडळी,

शहरातल्या सार्वजनिक इमारती आतून टिपायच्या आहेत. ग्रंथालयांची वाचनदालनं, स्थानकांची तिकीटघरं, जुनी टपाल कार्यालयं, नगरभवनांचे जिने. बाहेरून यांचे फोटो हवे तितके मिळतात, आतले फार थोडे. नूतनीकरण झालं की मूळ फरशी, दिवे, लाकडी काउंटर कायमचे जातात, म्हणून पुढे नोंद म्हणून वापरता येतील असे फोटो हवेत.

सामान: २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर मिररलेस कॅमेरा, १०-१८ मिमी लेन्स, ट्रायपॉड. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल).

अडचणी अशा: खिडक्या पूर्ण पांढऱ्या होतात. काही फोटोंत आडवे काळसर पट्टे येतात. छत घ्यायला कॅमेरा वर केला की खांब एकमेकांकडे झुकतात. आणि एकाच भिंतीचा अर्धा भाग हिरवट, अर्धा पिवळा दिसतो. पोस्ट प्रोसेसिंगमध्ये दुरुस्त करण्यापेक्षा जागेवरच काय करता येईल ते सांगावं.

---

खिडकीपाशी

आधी वेळ बदला, मग सेटिंग. भर दुपारी खिडकी आणि आतला कोपरा यांत किती फरक आहे ते मोजा: स्पॉट मीटरिंगवर (फ्रेममधला छोटा भागच मोजणारं), अ‍ॅपर्चर एफ/८ कायम ठेवून, खिडकीतून दिसणारं आकाश १/१२५ सेकंद मागत असेल आणि अंधारा कोपरा २ सेकंद, तर तो ८ स्टॉपचा फरक झाला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). एका रॉ फाइलमधून एवढं ओढून काढलं तर सावल्यांत नॉइज (दाणेदारपणा) येणारच. तीच जागा ढगाळ दिवशी, किंवा सूर्यास्तानंतर २०-३० मिनिटांनी आतले दिवे लावलेले असताना पाहा. बाहेरचा प्रकाश उतरून दिव्यांच्या जवळ येतो आणि बऱ्याचदा एकाच एक्स्पोजरमध्ये काम होतं.

वेळ हातात नसेल तर ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच फ्रेमचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो. वरच्या उदाहरणात २ स्टॉपच्या अंतराने १/१२५, १/३०, १/८, १/२ आणि २ सेकंद, असे ५ फोटो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसारची दुरुस्ती) एकच, २ सेकंदांचा टायमर. फक्त शटर बदलायचं, अ‍ॅपर्चर बदललं तर किती खोलीपर्यंत धारदार येतं ते बदलतं आणि फोटो नीट जुळत नाहीत. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद ठेवा; काही लेन्स स्थिर असतानाही हलका कंप देतात. एफ/११ च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (छोट्या छिद्रातून प्रकाश पसरल्याने) नक्षीची धार मऊ होते आणि सेन्सरवरची धूळही दिसू लागते.

रंगाचं: जुने पिवळे बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विन, खिडकीतला दिवसाचा प्रकाश ५५०० च्या आसपास, सावलीतला त्याहून वर. ट्यूबलाइट वेगळाच हिरवटपणा आणते, तो केल्विनने जात नाही, मॅजेंटाकडे सरकवावं लागतं. या सगळ्यांना एक व्हाइट बॅलन्स पुरणारच नाही. काळजीवाहकाला विचारून दिवे बंद करता आले तर एक संच फक्त खिडकीच्या प्रकाशात काढा. ते शक्य नसेल तर राखाडी कार्डाचा एक फोटो खिडकीजवळ, एक दिव्याखाली घेऊन ठेवा. नंतर भिंतीचे दोन भाग वेगवेगळे दुरुस्त करताना अंदाजाने रंग लावावा लागत नाही.

---

शून्य_पातळी

पट्ट्यांचं कारण विजेत आहे. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. शटरमध्ये पूर्ण आवर्तनं बसली पाहिजेत: ५० हर्ट्झला १/१००, १/५०, १/२५, ६० हर्ट्झला १/१२०, १/६०, १/३०. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे पट्टे त्यात सर्वांत ठळक येतात. मेकॅनिकल शटर लावा. शटरचा आवाज चालत नसेल अशा वाचनदालनात ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदाहून मोठं एक्स्पोजर द्या, मग इलेक्ट्रॉनिकही चालतं.

खांबांसाठी एकच नियम: सेन्सर भिंतीला समांतर. कॅमेऱ्यातली दोन्ही अक्षांची लेव्हल चालू करा, कॅमेरा वर करूच नका. छत हवं असेल तर १० मिमीवर उभा फ्रेम धरा, कॅमेरा लेव्हल, आणि नंतर खालचा एक तृतीयांश भाग (म्हणजे नुसती फरशी) कापा. २४ पैकी १६ मेगापिक्सेल उरतात, छापायला भरपूर. सॉफ्टवेअरने खांब सरळ केले की वरचा भाग ताणला जातो आणि नेमकी छताचीच नक्षी मऊ पडते. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी) हेच काम काही न कापता करते: २४ मिमीच्या फुल फ्रेम शिफ्ट लेन्सला १२ मिमीची सरक मिळते, ती आडव्या फ्रेमच्या बरोबर अर्ध्या उंचीइतकी.

आणि सतत १० मिमी वापरू नका. कडेच्या खुर्च्या, गोल दिवे अंडाकृती होतात, दालन आहे त्याच्या दुप्पट लांब वाटतं. नोंदीसाठी १४-१६ मिमीवर मागे सरकून काढलेला फोटो जास्त खरा असतो.

---

रॉ_फाईल

खिडकीपाशी यांच्याशी सहमत, फक्त एक भर. ते ५ फोटो आपोआप एचडीआरमध्ये (सगळी एक्स्पोजर एकत्र करणारं सॉफ्टवेअर) मिसळू नका. सावल्या सपाट होतात, दगडाचं वजनच जातं. मधला फोटो आधार धरा आणि खिडक्यांपुरता गडद फोटो मास्कने हाताने भरा. खिडकी आतल्यापेक्षा थोडी उजळच राहू द्या, नाहीतर बाहेरचं दृश्य चिकटवल्यासारखं दिसतं.

---

दालनवही

मनापासून आभार. आणखी दोन: ट्रायपॉड नाकारला तर? आणि घुमट बरोबर मध्यावर कसा धरायचा?

---

शून्य_पातळी

ट्रायपॉड नसेल तर खांबाला किंवा दाराच्या चौकटीला कॅमेरा टेकवा, बर्स्टवर ४-५ फोटो काढा. बटण दाबतानाचा धक्का पहिल्यात आणि शेवटच्यात असतो, मधले स्थिर येतात. आयएसओ वाढवावाच लागला तर एकाच जागेचे १६ फोटो घेऊन सरासरी काढा. नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे ४ फोटोंत निम्मा, १६ फोटोंत पाव. गर्दीसाठीही हीच वाट: १०-१५ सेकंदांच्या अंतराने १५ फोटो आणि सरासरीऐवजी मीडियन (प्रत्येक बिंदूची मधली किंमत). चालणारे लोक नाहीसे होतात. बाकावर बसून राहिलेले मात्र तसेच राहतात.

घुमटासाठी कॅमेरा फरशीवर पाठीवर ठेवा, लेन्स वर, १० सेकंदांचा टायमर. फरशीच्या नक्षीचा मध्य आणि घुमटाचा मध्य एक असतीलच असं नाही, म्हणून ग्रिड चालू करून घुमटाची कड चारही बाजूंना फ्रेमपासून सारखी दूर आहे का ते पाहा आणि काही सेंमी सरकवत न्या. फरशी तिरपी असेल तर कॅमेऱ्याखाली कागदाची घडी घाला आणि लेन्सच्या पुढच्या कडेवर छोटी गोल लेव्हल ठेवून तपासा. फोकस आधीच मॅन्युअलवर १-२ मीटरला लावा. १० मिमी, एफ/८ ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केलं की अगदी दूरपर्यंत धारदार येतं ते) जेमतेम ६०-६५ सेंमी आहे, सगळं धारदार येईल.

---

खिडकीपाशी

परवानगीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. द्वारपालाला विचारू नका, त्याच्या हातात नाही म्हणणं एवढंच असतं. कार्यालयाला लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, किती माणसं, कोणती दालनं, ट्रायपॉडच्या पायांना रबर आहे, फ्लॅश नाही, फोटोंचा वापर कशासाठी. बऱ्याच ठिकाणी ट्रायपॉड दिसला की काम व्यावसायिक धरतात, म्हणून वापर स्पष्ट लिहा. लोक आत यायच्या आधीचा अर्धा तास मागा. मंजुरीची छापील प्रत जवळ ठेवा.

आतली भित्तिचित्रं, शिल्पं वेगळा विषय आहे, त्यांना कॉपीराइट असू शकतो. जर्मनीत फोटोची कायदेशीर सूट सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या बाहेरच्या भागापुरतीच आहे. ब्रिटनमध्ये लोकांसाठी खुल्या जागेतली कायमची शिल्पंही तीत येतात, भित्तिचित्रं नाहीत. प्रसिद्ध करण्याआधी आपल्या देशाचं कलम वाचा. सुरक्षा तपासणीची जागा, सीसीटीव्ही कॅमेरे, नियंत्रणकक्ष फ्रेममध्ये घेऊ नका, आणि वाचकाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याला विचारूनच ठेवा.